क्रॉसमॅग्लेन: दीड हजार वस्तीच्या गावाचा क्लब सहा वेळा आयर्लंडचा विजेता कसा झाला?

प्रश्न असा आहे: उत्तर आयर्लंडमधल्या क्रॉसमॅग्लेन या खेड्याचा गेलिक फुटबॉल क्लब १९९७ ते २०१२ या काळात सहा वेळा अखिल आयर्लंड क्लब विजेता ठरला. गावाची वस्ती जेमतेम दीड हजार. मग खेळाडू बाहेरून आणले का? पैसा कुणी ओतला? आणि मैदानाला खेटून ब्रिटिश लष्कराचा तळ होता, त्या त्वेषातून हे यश आलं असं म्हणतात, ते खरं का?

आधी छोटं उत्तर देतो. खेळाडू बाहेरून आणले नाहीत, कारण या खेळात तसे ते आणता येत नाहीत. पैसा कुणीही ओतला नाही, खेळाडूंना पगारच नसतो. आणि लष्करी तळाची गोष्ट खरी असली तरी विजेतेपदाचं कारण म्हणून ती पुरत नाही. आता सविस्तर.

मी बरीच वर्षं शेजारच्या लाउथ काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) राहतो, इथल्या एका ग्रामीण क्लबात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो आणि क्लबच्या जुन्या वह्या, कात्रणं, फोटो लावण्याचं कामही माझ्याकडे आहे. क्रॉसमॅग्लेनची पोरं आमच्याविरुद्ध खेळायला आली की सामना कसा संपणार हे सामान्यतः आधीच ठाऊक असतं, एवढं सांगितलं म्हणजे माझा त्या गावाशी संबंध कसा ते कळेल.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो, पण हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. तो जमिनीवर टप्पा देऊन किंवा पायाच्या बोटांवरून उडवून पुन्हा हातात घ्यायचा. गोलचे खांब आडव्या दांडीच्या वरही उंच जातात. दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, दांडीखाली जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. (२०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळतात, पण आपली गोष्ट त्याच्या आधीची.) म्हणून धावसंख्या १-१२ अशी लिहितात: एक गोल, बारा गुण, एकूण पंधरा.

आता मुद्द्याचा नियम. गेलिक फुटबॉलचा क्लब हा गावाचा, अधिक नेमकं सांगायचं तर पॅरिशचा असतो. वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तोच हा एका चर्चच्या छायेतला गावगाडा. ज्या पॅरिशमध्ये तुम्ही वाढलात त्या क्लबात सहा-सात वर्षांचे असताना नाव नोंदवता आणि बहुतेक माणसं मरेपर्यंत त्याच क्लबची राहतात. बारीकसारीक नियम काउंटीनुसार बदलतात, पण गाभा सगळीकडे एकच. घर बदललं, नोकरी लांब गेली तर बदली मागता येते. नुसता चांगला संघ हवा म्हणून मागितली तर काउंटीची समिती ती सहज देत नाही आणि गाव तर त्याहून नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच समजेल. तिथे फुटबॉल तालमीचा आणि तालीम पेठेची. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुसरा विषय नसतो. फरक एवढाच की कोल्हापूरच्या संघांना बाहेरचा, प्रसंगी परदेशी खेळाडू घेता येतो. क्रॉसमॅग्लेनला तो घेता येत नाही. या एका फरकातून पुढचं सगळं निघतं.

गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, इथे सगळे नुसतं जीएए म्हणतात, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्युसॅक हे तिचे मुख्य प्रेरक आणि मॉरिस डेव्हिन पहिले अध्यक्ष. आपल्याकडच्या वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट: त्या काळी आयर्लंडच्या खेड्यांत क्रिकेट भरपूर चालत होतं. टिपररी आणि किल्केनीत गावोगावी क्रिकेटचे संघ होते आणि क्युसॅक स्वतः क्रिकेट खेळलेले होते. जीएएने पुढे क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी हे ‘परके खेळ’ खेळायला आणि पाहायलाही आपल्या सभासदांना बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. १९३८ साली आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिले म्हणून जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आज हे हास्यास्पद वाटतं, पण खेड्यातल्या पोराला रविवारी दुपारी खेळायला एकच खेळ उरला तो या बंदीमुळेच, हेही मान्य करावं लागतं.

संस्था निघाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत क्लब पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. क्रॉसमॅग्लेन रेंजर्सचं स्थापनावर्ष १८८७ आहे आणि पहिली अखिल आयर्लंड स्पर्धाही १८८७ चीच. त्या वेळी बाजूला एकवीस-एकवीस जण खेळत. संख्या १८९२ मध्ये सतरा आणि १९१३ मध्ये पंधरा झाली. सुरुवातीला एक गोल कितीही गुणांना भारी असे, मग गोल पाच गुणांचा झाला आणि १८९६ पासून तीन गुणांचा.

इथे जुनी कागदपत्रं चाळणाऱ्याच्या नात्याने एक सावधगिरी सांगतो. ‘स्थापना १८८७’ अशी पाटी वाचली की आपल्याला अखंड परंपरा डोळ्यांपुढे येते. ग्रामीण क्लबांचा इतिहास तसा सलग क्वचितच असतो. १८९० मध्ये राष्ट्रवादी नेते पार्नेल यांच्यावरून देश दुभंगला आणि त्या भांडणात निम्मे क्लब मेले. एका गावात दोन गट, दोन संघ, आणि दोन वर्षांत दोन्ही बंद. १९०० च्या सुमारास गेलिक भाषेच्या चळवळीबरोबर खेळ पुन्हा उभा राहिला, बऱ्याच ठिकाणी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या शेतात. नंतरच्या पिढीने सगळं जोडून एकच रेघ ओढली. त्यात लबाडी नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने खंड पडलेली वर्षं लपवू नयेत. क्लबची खरी कहाणी बहुधा त्या रिकाम्या वर्षांत असते: कोण निघून गेलं, कुणाचं शेत गेलं, कुठल्या दोन घराण्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

क्रॉसमॅग्लेनने आर्मा काउंटीचं पहिलं विजेतेपद १९०६ मध्ये मिळवलं. मग स्वातंत्र्यलढ्याची वर्षं आली. ४ ऑगस्ट १९१८ ला, सामन्यांसाठी सरकारी परवाना घ्या या हुकमाला उत्तर म्हणून, देशभरच्या क्लबांनी एकाच दुपारी तीन वाजता विनापरवाना सामने खेळले. त्या दिवसाला ‘गेलिक संडे’ म्हणतात. दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९२० ला, डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन विरुद्ध टिपररी सामना चालू असताना सरकारी दलांनी गोळीबार केला. चौदा माणसं गेली. त्यांतला मायकल होगन हा टिपररीचा खेळाडू ग्रेंजमॉकलर या खेड्यातला होता. क्रोक पार्कचा होगन स्टँड त्याच्या नावाचा.

आणि मग फाळणी झाली. आर्मा काउंटी सीमेच्या उत्तरेला, ब्रिटिश अमलाखाली राहिली. क्रॉसमॅग्लेन अगदी कडेला: दक्षिणेला चार-सहा किलोमीटर गेलं की दुसरा देश. जीएएने मात्र फाळणी कधी मानली नाही. तिच्या हिशेबात काउंट्या बत्तीसच राहिल्या, स्पर्धा एकच राहिली. सरकारी नकाशावर टोकाला पडलेलं हे गाव फुटबॉलच्या नकाशावर मधोमध राहिलं. मला वाटतं क्रॉसमॅग्लेनला क्लब इतका जिवाभावाचा का, याचं पहिलं कारण इथे आहे, लष्करी तळ येण्याच्या पन्नास वर्षं आधी.

आता त्या तळाबद्दल. १९६९ नंतर उत्तर आयर्लंड पेटलं आणि दक्षिण आर्मा हा ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा बालेकिल्ला झाला. ब्रिटिश मंत्री मर्लिन रीस यांनी या भागाला ‘दरोडेखोरांचा मुलूख’ म्हटलं ते शब्द कायमचे चिकटले. रस्त्यांत सुरुंग पेरलेले असत, म्हणून लष्कराने गाड्या जवळजवळ सोडल्या आणि माणसं, रसद, अगदी कचरासुद्धा हेलिकॉप्टरने न्यायला सुरुवात केली. जवळच्या बेसब्रुकमधल्या जुन्या लिननच्या गिरणीत हेलिकॉप्टरांचा तळ होता. युरोपातला सर्वांत वर्दळीचा हेलिपोर्ट अशी त्याची ओळख होती. क्रॉसमॅग्लेनचं पोलीस ठाणं क्लबच्या मैदानाला लागून होतं. ते वाढत वाढत किल्ला झालं आणि वाढताना त्याने क्लबची जमीनही घेतली.

या मैदानाचं नाव ऑलिव्हर प्लंकेट पार्क, १६८१ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या आर्माच्या आर्चबिशपच्या नावावरून. १९७५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. ठाण्याचे कुंपण आणि मनोरे मैदानाच्या कडेवर आले, सामना किंवा सराव चालू असताना हेलिकॉप्टर डोक्यावरून उतरू लागलं, आणि कुंपणापलीकडे गेलेला चेंडू परत मिळेलच याची खात्री नसे. क्लब वर्षानुवर्षं अर्ज, वकील, नुकसानभरपाईचे दावे यांत गुंतला. जीएएच्या वार्षिक अधिवेशनांत क्रॉसमॅग्लेन हा ठरलेला विषय झाला. ब्रिटिश सैनिक आणि उत्तरेतले पोलीस यांना सभासदत्व नाकारणारा जीएएचा नियम २१ काढावा का, यावर वाद झाला की नियम ठेवा म्हणणारे या मैदानाकडे बोट दाखवत. १९९८ च्या खास अधिवेशनात तो निघाला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये, नवं पोलीस दल स्थापन झाल्यावर, निघाला. ब्रिटिश लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीम ३१ जुलै २००७ ला संपली.

हे सगळं खरं आहे. पण ‘तळाविरुद्धच्या त्वेषाने क्लबला विजेता बनवलं’ ही जी गोष्ट खेळाच्या पानांवर दर काही वर्षांनी छापून येते, ती मला पटत नाही. तारखाच जुळत नाहीत. तळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, मोठं यश १९९६ नंतरचं. मधली वीस-पंचवीस वर्षं त्वेष कमी होता का? उलट तेव्हा तो सर्वांत जास्त असणार. त्या काळात क्लबने काउंटीची विजेतेपदं मिळवली, पण काउंटीनंतरच्या पायरीच्या, म्हणजे अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताच्या, पुढे तो गेला नाही. यशाची लाट उसळली ती १९९४ च्या शस्त्रसंधीनंतर, वातावरण सैल होत असताना. तळामुळे एक गोष्ट नक्की झाली: मैदान ही चीज गृहीत धरायची नाही हे गावाला कळलं. सराव बंद पडू द्यायचा नाही, कारण रिकाम्या मैदानावर दुसऱ्याचा डोळा असतो. या शिस्तीचा उपयोग झाला. पण शिस्तीला खेळणारी पोरं लागतात.

ती पोरं नव्वदच्या दशकाच्या मध्यात एकदम आली. ओशीन मॅककॉनव्हिल आणि त्याचे भाऊ, मॅकएन्टी घरातले जुळे जॉन आणि टोनी, बचावात फ्रान्सी बेल्यू. पॅरिशच्या नियमाचा अर्थ इथे उलगडतो. अशी पिढी इंग्लंडच्या सॉकरमध्ये निपजली असती तर विशीच्या आत चार शहरांत विखुरली असती. इथे ती विखुरणं शक्यच नव्हतं. सातव्या वर्षी ज्याच्या शेजारी उभं राहून चेंडू झेलायला शिकलात, तोच पस्तिसाव्या वर्षी शेजारी. त्या संघाने १९९६ ते २००८ सलग तेरा वेळा आर्माचं विजेतेपद घेतलं, २००९ मध्ये चुकलं, आणि २०१० ते २०१५ पुन्हा सलग सहा. वीस वर्षांत एकोणीस.

हाच नियम उलटाही वागतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्या पॅरिशमध्ये एखाद्या वर्षी चारच मुलगे जन्मले, तिथे पंधरा वर्षांनी संघच उभा राहत नाही. मग शेजारच्या जुन्या वैऱ्याशी हातमिळवणी करून जोड-संघ काढावा लागतो. त्या बैठकांना मी बसलो आहे. रंग कुठला घालायचा यावरच दोन तास जातात. आयर्लंडच्या पश्चिमेला ही स्थिती कितीतरी क्लबांची आहे. १९५० च्या दशकात चार लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, तेव्हा कित्येक गावांच्या संघातला अर्धा फळा पुसला गेला. त्या काळच्या सभांच्या वह्या मी पाहतो तेव्हा ‘अमुक इंग्लंडला गेल्यामुळे’ हे वाक्य पानोपानी येतं. १९४७ ची अखिल आयर्लंड फायनल, कॅव्हन विरुद्ध केरी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खेळवली गेली. प्रेक्षक तिकडे जमले होते म्हणून खेळच तिकडे नेला, असं म्हटलं तरी चालेल.

क्रॉसमॅग्लेन त्या मानाने नशीबवान. वस्ती लहान असली तरी ती टिकली. सीमेवरचं गाव असल्याने व्यापार होता, बांधकामात कामं होती, डब्लिन आणि बेलफास्ट दोन्ही दीड तासाच्या आत. माणसं बाहेर कामाला गेली तरी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सरावाला परत येऊ शकत होती. मेयो किंवा केरीच्या टोकावरच्या खेड्याला हे शक्य नाही. ‘जिद्द’ वगैरे शब्द वापरण्याआधी मी नेहमी रस्त्यांचा नकाशा बघायला सांगतो.

तिसरं कारण जो कर्नन. हा गडी १९७७ साली आर्माकडून काउंट्यांच्या स्पर्धेची अखिल आयर्लंड फायनल खेळला होता. डब्लिनने ती ५-१२ विरुद्ध ३-६ अशी सहज जिंकली, पण आर्माच्या तीन गोलांतले दोन कर्ननचे होते. पुढे त्याने आपल्या गावाचा संघ हाती घेतला. १९९७ मध्ये मेयोच्या नॉकमोरला हरवून पहिलं अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद, १९९९ मध्ये मेयोच्याच बॅलिना स्टीफनाइट्सवर ०-९ विरुद्ध ०-८ असा एका गुणाने विजय, आणि २००० मध्ये डब्लिनच्या ना फिएनाविरुद्ध तिसरं. ही फायनल त्या काळी १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, क्रोक पार्कवर होत असे. आता ती जानेवारीत होते, आणि माझ्या मते त्यात काहीतरी हरवलं आहे. विजेत्याला मिळणारा करंडक अँडी मेरिगन कप, वेक्सफर्डच्या कॅसलटाउन क्लबच्या खेळाडूच्या नावाचा.

कर्ननने नेमकं काय केलं? जवळून पाहिलेल्यांशी बोलून आणि सामने पुन्हा पाहून माझं मत असं झालं आहे की त्याने डावपेचांत क्रांती वगैरे केली नाही. त्याने अपेक्षा वाढवली. गावच्या संघाने काउंटीच्या संघासारखी तयारी करायची, हे तेव्हा नवं होतं. मग आर्मा काउंटीने त्यालाच बोलावलं. २००२ च्या फायनलमध्ये केरीविरुद्ध मध्यंतराला आर्मा मागे होतं, ओशीन मॅककॉनव्हिलने पेनल्टी दवडली होती. खोलीत कर्ननने १९७७ च्या उपविजेतेपदाची आपली पट्टिका काढली, पोरांना दाखवली आणि भिंतीवर आपटली. उत्तरार्धात त्याच मॅककॉनव्हिलने गोल केला आणि आर्माने १-१२ विरुद्ध ०-१४ असा, म्हणजे एका गुणाने, इतिहासातला पहिला सॅम मग्वायर कप, म्हणजे काउंट्यांच्या स्पर्धेचा करंडक, जिंकला. कर्णधार कीरन मॅकगीनी हा शेजारच्या मुल्लाबॉन गावचा.

क्लबची पुढची तीन विजेतेपदं २००७, २०११ आणि २०१२ ची. पहिल्याला केरीच्या डॉक्टर क्रोक्सशी आणि शेवटच्याला वेस्टमीथच्या गॅरीकॅसलशी फेरलढत खेळावी लागली. मधल्या २००९ च्या फायनलमध्ये किलमॅकड क्रोक्सने हरवलं. हा डब्लिनच्या दक्षिणेचा हजारो सभासदांचा क्लब. एकीकडे अख्खं उपनगर, दुसरीकडे एक बाजारपेठेचं खेडं, आणि दोघे एकाच स्पर्धेत. जीएएला हे न्याय्य वाटतं. मला नेहमीच वाटतं असं नाही. २०११ आणि २०१२ ला दोन प्रशिक्षकांपैकी एक होता टोनी मॅकएन्टी, जो आधी खेळाडू म्हणून जिंकला होता, आणि संघात जो कर्ननची मुलं होती. घराण्यांची ही साखळी बाहेरून पाहताना लोभस दिसते. आतून ती जड असते. ज्या मुलाचं आडनाव मॅककॉनव्हिल किंवा कर्नन आहे त्याला फुटबॉल न आवडण्याची मुभा किती, हे त्यालाच विचारावं. ओशीन मॅककॉनव्हिलने स्वतः जुगाराच्या व्यसनाबद्दल उघडपणे सांगितलं आणि पुढे व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणून काम केलं. क्लबांच्या गौरवग्रंथांत अशा गोष्टींना पान मिळत नाही, पण गावातल्या पोरांना त्याच्या गोलांइतकाच त्याच्या या बोलण्याचा उपयोग झाला असेल.

पैशाबद्दल. खेळाडूंना पगार नाही, आजही नाही. काउंटीकडून क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांपुढे खेळणारा शिक्षक सोमवारी वर्गावर असतो. क्लब चालतो साप्ताहिक लॉटरीवर, वर्गणीवर, गावातल्या दुकानांच्या देणग्यांवर आणि फुकट राबणाऱ्या माणसांवर. पूर्वी एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात, त्याची मर्जी असेतोवर, खेळ चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून क्लबांनी जमिनी विकत घेऊन विश्वस्तांच्या नावावर केल्या. ग्रामीण क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस माझ्या मते करंडकाचा नसून मैदानाच्या खरेदीखताचा असतो. एक डाग मात्र सांगितला पाहिजे: बाहेरगावच्या प्रशिक्षकांना प्रवासखर्चाच्या नावाखाली पाकिटं मिळतात हे देशभर उघड गुपित आहे आणि ज्या क्लबांकडे नवं छप्पर घालायला पैसे नसतात तेही यात असतात.

कुणाला अशा क्लबचा इतिहास खरंच लिहायचा असेल तर दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. करंडकांच्या यादीपासून सुरुवात करू नका, ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. जुना संघाचा फोटो घ्या आणि त्यातली नावं १९०१ आणि १९११ च्या जनगणनेशी ताडून पाहा. ती घरोघरच्या अर्जांसकट राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवली आहे. कोण शेतकऱ्याचा मुलगा, कोण मजूर, कोण लोहार, कोण दुकानातला नोकर, कोणाला लिहिता येत होतं, हे एका संध्याकाळीत कळतं आणि संघ अचानक गाव होतो. स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसांच्या साक्षी, ज्या चाळीस-पन्नासच्या दशकांत घेतल्या गेल्या आणि २००३ मध्ये खुल्या झाल्या, त्यांत क्लबांचे उल्लेख विखुरलेले आहेत. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून जमवलेल्या आठवणीही छापील पुस्तकांपेक्षा बोलक्या आहेत. स्थानिक वर्तमानपत्रं वाचताना लक्षात ठेवा की सामन्याचा वृत्तांत बहुतेकदा जिंकलेल्या क्लबच्या चिटणीसानेच लिहून पाठवलेला असे. पंच वाईट होता, असं जिथे वाचाल तिथे तो हरलेल्या क्लबचा चिटणीस समजा.

आणि बायकांना विचारा. १९८४ मध्ये जीएएची शताब्दी झाली तेव्हा क्लबांच्या इतिहासाची पुस्तकं ढिगाने निघाली. त्यांत बायका भेटतात त्या बहुतेक चहाच्या टेबलामागे. महिलांची गेलिक फुटबॉल संघटना १९७४ पासून आहे, तीही थर्ल्सच्या त्याच हेज हॉटेलात स्थापन झालेली. तिचा एकत्रीकरणाचा प्रश्न आत्ता कुठे माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या पुढाकाराने मार्गी लागतो आहे. आमच्या क्लबात जर्सी कुणी धुतल्या, निधीसाठी नाच कुणी भरवले, मुलांना गाडीत घालून कोण नेत होतं, हे सगळं मला तीन आजीबाईंकडून कळलं. सभेच्या वहीत त्यांचं नाव ‘महिला मंडळाचे आभार’ या ओळीत मावलेलं आहे.

शेवटी, मूळ प्रश्नासोबत आलेला एक उपप्रश्न: क्रॉसमॅग्लेन पुन्हा तसं जिंकेल का? काउंटीत त्यांनी २०१८ आणि २०१९ मध्ये पुन्हा बाजी मारली, पण अल्स्टर आता फार अवघड झालं आहे. २०२२ मध्ये डाउनच्या किलकूने आणि २०२४ मध्ये डेरीच्या ग्लेनने अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद घेतलं, दोन्ही गावाकडचेच क्लब, आणि दोघांनीही क्रॉसमॅग्लेनचीच वही पुढे ठेवून अभ्यास केला असावा असं त्यांचा खेळ पाहून वाटतं. आर्माने २०२४ मध्ये गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असं हरवून दुसरा सॅम मग्वायर कप घेतला, प्रशिक्षक तोच कीरन मॅकगीनी. त्या संघात क्रॉसमॅग्लेनचे रीअन आणि ओशीन ओ’नील हे भाऊ होते, पण निर्णायक गोल केला तो ड्रॉमिंटी या दक्षिण आर्मातल्याच दुसऱ्या खेड्याच्या ॲरन मॅकेने, आणि कर्णधार एडन फॉर्कर मॅहरीचा. २००२ मध्ये काउंटीच्या यशामागे एका क्लबचा मोठा हात होता. आता ती ताकद आठ-दहा गावांत वाटली गेली आहे. काउंटीच्या दृष्टीने हे उत्तमच. क्रॉसमॅग्लेनला मात्र सलग तेरा वर्षं घरच्या घरी जिंकण्याची चैन परत मिळेल असं मला दिसत नाही.